उजव्या चाकाची गळती

माझ्या वहिनीच्या कामात खोट काढायची असेल तर आधी माझ्याशी गाठ आहे, हे आमच्या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. गुरांच्या डॉक्टरांना ते ठाऊक नव्हतं. सकाळी गॅरेज उघडतंय न उघडतंय तोच त्यांनी आपली जुनी एसयूव्ही दारात आणून उभी केली, दार धाडकन आपटलं आणि सरळ माझ्या भावाला गाठलं.

"उजवं मागचं चाक परत गळतंय," ते म्हणाले. "उतारावर ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. काल वळणावर समोरून ट्रक आला. माझा जीव कसा घशाशी आला, ते माझं मला माहीत."

दादाने खाली वाकून चाकाच्या आतल्या बाजूने बोट फिरवलं. तेल होतं. काळं, चिकट, टायरच्या आतल्या अंगावर ओघळलेलं. वहिनी कामाच्या टेबलापाशी हातात फडकं घेऊन उभी होती. काही आठवड्यांपूर्वी त्या चाकाचं सील तिने बदललं होतं, आणि डॉक्टरांना ते माहीत होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग ती तिथे नाहीच अशा आवाजात दादाला म्हणाले, "या वेळी तुम्ही स्वतः करा. माझ्या गाडीवर कुणाची शिकवणी नको."

"शब्द देतो," दादा म्हणाला. "मी स्वतः करतो. दुपारी घेऊन जा."

मी इंजिनात डोकं घालून होते म्हणून वाचले डॉक्टर. डोकं बाहेर काढून, हात पुसून, काय बोलायचं ते जुळवेपर्यंत ते फाटकाबाहेर पडले होते. रस्त्यावर लोक मला ठसका म्हणतात ते उगाच नाही. पण कधीकधी ठसकाही उशिरा लागतो.

डॉक्टर गेल्यावर दादा वहिनीकडे न बघता म्हणाला, "तू आजपासून परत फोन आणि गिऱ्हाईक बघ. गाडीखालचं काम आता पुरे."

एवढंच. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तसं.

आता नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल माझा भाऊ म्हणजे कोणी राक्षस आहे. तसं नाही. गॅरेज आमच्या वडिलांचं. इंजिन माझ्याकडे, आणि गाडीच्या पोटाखालचं सगळं, म्हणजे ब्रेक, एक्सल, स्प्रिंगा, दादाकडे. वहिनीने कितीतरी वर्षं नुसते फोन घेतले आणि गिऱ्हाइकांच्या कटकटी ऐकल्या. मुलं मार्गाला लागल्यावर एक दिवस जेवताना ती म्हणाली, "मला पण शिकायचंय." दादा हसला. पण दुसऱ्या दिवशी शिकवायला बसला तोही दादाच. पाना कसा धरायचा इथपासून त्याने तिला शिकवलं, आणि तिने ते असं उचललं की मलाच कधीकधी पोटात दुखायचं. त्या कामाने ती बदलली. आधी घरात कुणी काही विचारलं तर "यांना विचारा" म्हणायची. आता ठणकावून सांगायची, "नाही, ब्रेक आधी, बाकीचं नंतर." मला तिचा तो आवाज फार आवडायचा. आणि तोच आवाज दादाने एका वाक्यात बंद करून टाकला.

भांडली असती तर बरं झालं असतं. पण तिने कोपरापर्यंत हात धुतले, अंगावरचा कामाचा डगला काढून खुंटीला लावला आणि जाऊन फोनपाशी बसली.

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. "अगं, गप्प काय बसतेस? चार शब्द सुनाव की त्याला!"

"वन्सं, जाऊ द्या," ती म्हणाली. "सील बसवताना मी कड बोटाने तपासली होती. तरी माझंच कुठेतरी चुकलं असणार. यांनी इतकी वर्षं सीलं बसवली, यांचं कधी गळलं नाही."

"त्याचं कधी गळलं नाही हे तुला कोण म्हणालं?"

"हेच म्हणाले."

"मग झालं तर!"

ती कसंनुसं हसली, आणि ते हसू बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. कारण ते सील बसवताना दिवा मी धरला होता. सील म्हणजे काय, तर एक्सलभोवती घट्ट बसणारं रबरी कडं. मागच्या एक्सलच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, त्यातलं तेल चाकाकडे जाऊ नये म्हणून ते असतं. ते वाकडं बसलं, किंवा एक्सलचा दांडा आत घालताना त्याच्या दात्यांनी रबराची कड ओरबाडली, की तेल थेट ब्रेकच्या ड्रममध्ये. वहिनीने ते कडं चहूबाजूंनी हलके हलके ठोकत सरळ आत बसवलं होतं. मग कडेला तेलाचं बोट लावून, दांडा दोन्ही हातांनी तोलून आत सरकवला होता. श्वास रोखून. मीही रोखला होता. त्यात चूक नव्हती. माझी जीभ एखाद्या वेळी वाहवत जाते, पण माझे डोळे मला फसवत नाहीत.

तोवर दादाने गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले, चाक काढलं, ड्रम काढला. ब्रेकचे शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, तेलाने माखले होते. त्याने तेल दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं.

"ब्रेकचं तेल नाही," तो म्हणाला. "ते पातळ असतं. हे गिअरचं आहे, वासच सांगतो."

ब्रेकच्या सिलिंडरचं रबर त्याने नखाने मागे सारून पाहिलं. आत कोरडं ठणठणीत होतं. म्हणजे तेल एक्सलमधूनच येत होतं, यात वाद नव्हता.

"सीलच," दादा म्हणाला. "वाकडं बसवलंय तिने."

"डावं चाक उघड," मी म्हणाले.

"कशाला? डावं मी बसवलंय. ते गळत नाही."

"म्हणूनच उघड."

"ठसके, मला काम करू दे."

मी काही ऐकणारी नव्हे. दुसरा जॅक लावला आणि डावं चाक मीच काढलं. ड्रम हातात आला आणि मला आनंदाने ओरडावंसं वाटलं, लाज वाटली तरी. आत खालच्या बाजूला तेलाचा पातळ थर होता. उजव्याइतका नाही, पण होता. मी ड्रम उचलून दादाच्या नाकासमोर धरला.

"हे कुणाचं? माझं?"

"जुनं झालं असेल ते," दादा पुटपुटला. "सील काय, कधी ना कधी म्हातारं होणारच."

मी दिवा घेऊन गाडीखाली सरकले. गोळ्याच्या पुढच्या तोंडाशी, इंजिनाकडून येणारा लांब दांडा जिथे आत शिरतो, तिथेही ओल होती. "इथेही आहे! तीन तीन ठिकाणी एकाच वेळी म्हातारपण आलं होय रे? यांची पंगत बसलीय का?"

 दादा हातातला पाना खाली ठेवून माझ्याशेजारी वाकला, आणि त्या ओलीवरून बोट फिरवून त्याने ते नाकाशी नेलं. दादाचं एक आहे. तो हट्टी आहे, पण आंधळा नाही.

"तीन सीलं एकदम जात नाहीत," मी म्हणाले. "आतून काहीतरी त्यांना ढकलतंय. दोन्ही चाकं परत लाव. गाडी तापवून आणते, मग आपण बोलू."

"या ब्रेकांवर?"

"शू पुसून देते. सपाट रस्त्याने जाईन, बैलगाडीच्या वेगाने. आणि वहिनीला घेऊन जाते."

"तिला कशाला?"

"मला सोबत लागते म्हणून!"

वहिनी यायला तयार नव्हती. मी तिच्या हातातला फोनच काढून घेतला. गाडीत ती खिडकीबाहेर बघत बसली. बाजाराच्या मागून, शाळेच्या भिंतीला वळसा घालून आम्ही नदीकाठच्या रस्त्याला लागलो. मी मुद्दाम लांबचा फेरा घेतला. एक्सल नुसता कोमट होऊन भागणार नव्हतं.

"वन्सं," ती अचानक म्हणाली, "फोन घेणं काही वाईट काम नाही. मी इतकी वर्षं केलंच ना. पण गाडीखाली झोपलं ना, की मला माझ्या डोक्याचा आवाज ऐकू येतो. हे असं असेल, ते तसं असेल, मग हे करून बघू. तो आवाज आता परत जाणार, याचं वाईट वाटतंय."

 मी गिअर बदलला, ज्याची काही गरज नव्हती, आणि म्हणाले, "कुठे जात नाही तो. गळती सीलची नाही, हे मी तुला सांगते. आणि मी सांगते म्हणजे सांगते."

परत आलो तेव्हा गोळ्याला हात लावला तर चटका बसत होता. दादा पाना घेऊन तयारच होता. तेल भरायच्या भोकाचं बूच तो सैल करू लागला. मी त्याला म्हणाले, "हळू. आणि तोंड बाजूला ठेव."

बूच थोडं फिरलं आणि फुस्सऽऽ असा आवाज झाला. असा की वहिनी दोन पावलं मागे सरली. पाठोपाठ तेलाचा बारीक फवारा दादाच्या मनगटावर उडाला. 

हे ज्यांना कळलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. गाडी चालली की गोळ्यातलं तेल तापतं, हवा फुगते. ती हवा बाहेर पडावी म्हणून एक्सलच्या वरच्या अंगाला बोटाच्या पेराएवढी टोपी असते. तिला ब्रीदर म्हणतात. ती बंद झाली की हवेला वाट राहत नाही. मग ती तेलालाच ढकलते, आणि तेल जिथून जमेल तिथून, म्हणजे सीलांच्या कडेने, बाहेर येतं. तिथे नवं सील बसवा, सोन्याचं बसवा, ते गळणारच.

"ब्रीदर," दादा म्हणाला.

"ब्रीदर," मी म्हणाले. माझा आवाज जरा जास्तच चढला असेल.

दिव्याच्या उजेडात आम्ही टोपी शोधू लागलो. दिसेना. एक्सल वरून खालून सगळा गुळगुळीत, काळाभोर, चकचकीत. वहिनीने एव्हाना डगला परत अंगावर चढवला होता. कधी चढवला, आम्हा दोघांनाही कळलं नाही. ती पाठीवर झोपून आत सरकली आणि एक्सलच्या वरच्या बाजूला हात घालून चाचपू लागली.

"सापडली," आतून आवाज आला. "पण ही टोपी हलत नाही हो. हलायला हवी ना?"

"हलायला हवी," दादा म्हणाला. "मळ बसला असेल. बाजूला सरक, मी काढतो."

त्याने ती टोपी काढून उजेडात आणली. फडक्याने पुसली आणि खालचं तोंड ओठांना लावून फुंकलं. गाल फुगले, मान लाल झाली, पण हवा काही जाईना. मग त्याने टोपीच्या कडेवर नख घासलं. काळा पोपडा निघाला. त्याच्याखाली आणखी एक काळा पोपडा. त्याच्याखाली आणखी एक.

दादाच्या तोंडावरचा रंग उतरला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

आमच्या गॅरेजची एक खासियत आहे. दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. काम झालं की दादा गाडी परत देण्याआधी डबा आणि ब्रश घेऊन खाली शिरतो आणि एक्सल, स्प्रिंगा, सगळं काळ्या रंगाने रंगवून काढतो. "आमच्याकडून गेलेली गाडी पोटानेसुद्धा झळकली पाहिजे," हे त्याचं नेहमीचं. गिऱ्हाइकं खाली वाकून बघतात आणि खूश होतात. डॉक्टर तर दरवेळी वाकून बघायचे. त्यांच्या गाडीला असे कितीतरी हात बसले होते. ती इवलीशी टोपी त्या रंगाखाली कधी बुजली, ते त्या रंगाऱ्यालाही कळलं नव्हतं.

माझ्याकडे अख्खं भाषण तयार होतं. सुरुवात कुठून करायची तेवढं ठरवायचं बाकी होतं. पण वहिनीने माझ्याकडे असं बघितलं की मी ते भाषण गिळलं. फार कडू लागलं.

दादा खाली पडलेल्या टायरवर बसला. 

"म्हणजे मीच बुजवली," तो म्हणाला. "आणि ही एकच गाडी नसणार. देवा! किती गाड्या रंगवल्या मी."

"सगळ्यांना बोलावून घेऊ," वहिनी म्हणाली. "टोपी बदलायला कितीसा वेळ लागतो?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला, पण नव्हता. मी असते तर नुसता टोमणाच असता.

दादा उठला. उजवीकडच्या चाकाकडे बघत म्हणाला, "सील तू बसव."

"तुम्ही डॉक्टरांना शब्द दिलाय, स्वतः करतो म्हणून."

"ते मी बघतो."

"बघतो नाही." वहिनी उभी राहिली. एवढ्या वर्षांत दादाशी अशी बोलताना मी तिला पाहिलं नव्हतं. "मी बसवते. पण मी बसवलंय हे तुम्ही त्यांना सांगायचं. तुमच्या तोंडाने. सांगणं जमणार नसेल तर आत्ताच बोला. तुम्ही बसवा, मी फोनपाशी जाते. चोरून काम मी करणार नाही."

दादाने मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच खाली घातलेली, कोण जाणे.

मग कामाला लागलो. दांडा ओढून काढला. जुनं सील वहिनीने उपसून हातात घेतलं आणि त्याची कड बोटाने चाचपली. चीर नाही, ओरखडा नाही. तिने ते दादाकडे दिलं. त्यानेही चाचपलं, आणि बाजूला ठेवलं. दांड्यावर जिथे सील घासतं तिथे तिने नख फिरवून पाहिलं, खाच नव्हती. बेअरिंग हलवून पाहिलं, डुगडुगत नव्हतं. मग नवं सील सरळ धरलं, त्यावर त्याच मापाचं सपाट कडं ठेवलं आणि चहूबाजूंनी ठोकायला लागली. आवाज आधी पोकळ येत होता, मग भरीव यायला लागला, तशी ती थांबली. एक घावही जास्त नाही. दिवा दादाने धरला होता. त्याचा हात अगदी स्थिर होता, आणि तोंडातून एक सूचना नाही. हे आमच्या घरात नवलच.

डाव्या बाजूचं सीलही तिनेच बदललं. गोळ्याच्या पुढच्या तोंडाचंही. दोन्हीकडचे तेलकट शू टाकून नवे लावले, कारण तेल प्यायलेला शू कितीही पुसला तरी त्याचा भरवसा नाही. नवी टोपी बसवली. भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल भरलं. मी गाडी पुन्हा तापवून आणली, वहिनीने स्वतः बूच सैल केलं, आणि या वेळी काहीच आवाज झाला नाही. ड्रम उघडले, कोरडे. मला तिला मिठी मारायची होती, पण दोघींचेही हात बरबटलेले होते, म्हणून कोपराने ढोसलं.

डॉक्टर आले तेव्हा आम्ही हात धूत होतो. ते सवयीने खाली वाकले. चाकाची आतली बाजू बोटाने पुसून पाहिली. बोट स्वच्छ निघालं. त्यांचा चेहरा खुलला.

"वा!" ते म्हणाले. "याला म्हणतात कसलेला हात. मी म्हटलंच होतं, तुम्ही स्वतः हात घातलात की प्रश्नच नाही. उगाच मधे घरच्यांच्या हाती दिलीत."

दादा फडक्याला हात पुसत होता. पुसतच राहिला. हात केव्हाच कोरडे झाले होते.

 आता गप्प बसला तर संपलं, मला कळत होतं. डॉक्टर खूश आहेत, गाडी कोरडी आहे, नुसतं "हो" म्हणायचं. कुणाचं काय बिघडणार होतं? रस्त्यावर नाव राहिलं असतं. फक्त उद्या सकाळी वहिनी डगला घालायला गेली नसती, कधीच गेली नसती. माझ्या जिभेच्या टोकावर सगळं येऊन थांबलं होतं. पण हे माझ्या तोंडून निघून उपयोगाचं नव्हतं. वहिनी डॉक्टरांकडे बघतही नव्हती. ती दादाकडे बघत होती.

"डॉक्टर," दादा म्हणाला.  "मी शब्द मोडलाय. हे काम हिने केलंय. सगळं."

डॉक्टरांचं बोट तसंच हवेत राहिलं.

"आणि मागच्या वेळचं सीलही हिनेच बसवलं होतं. ते चोख होतं. काढून बघितलं मी, त्यात नावाला दोष नाही. गाडीची हवा कोंडली होती ती मी कोंडली. रंग फासून." त्याने खिशातून ती काळी टोपी काढली आणि डॉक्टरांच्या तळहातावर ठेवली. "माझ्यामुळे तुमचा जीव धोक्यात आला. आणि मी सगळं हिच्या माथी मारून मोकळा झालो होतो."

मी माझ्या भावाशी आयुष्यभर भांडत आले आहे. त्या क्षणी मला तो जितका आवडला तितका आधी कधी आवडला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलंही नाही.

डॉक्टरांनी टोपी उलटीसुलटी करून पाहिली. फुंकूनही पाहिली. मग दादाला म्हणाले, "म्हणजे पुढच्या वेळी मी गाडी कुणाला दाखवायची?"

"हिला," दादा म्हणाला. "गाडीखालचं काम तुमचं तिच्याकडे. मी हाताखाली आहे."

डॉक्टर वहिनीकडे वळले. सकाळच्या बोलण्याचं काहीतरी म्हणणार होते बहुतेक, ओठ हललेही. पण तिने तोवर गाडीची किल्ली त्यांच्यापुढे धरली होती.

"आधी चालवून या," ती म्हणाली. "उतारावर जा, ब्रेक जोरात दाबा आणि स्टिअरिंग हलकं धरा. जराशी जरी डावीकडे ओढली तर घेऊन या. मी इथेच आहे."